थकबाकीची तिकिटं: एका फ्रेमची कामवही

७ जुलै २०२४
विषय पक्का केला. हिवाळ्यातल्या टपाल तिकिटांच्या प्रदर्शनासाठी एक फ्रेम, म्हणजे ए-फोर आकाराची सोळा पानं. पोस्टेज ड्यू तिकिटं, म्हणजे कमी भरलेला टपालखर्च पत्र घेणाऱ्याकडून वसूल करायची, तीही फक्त सुरुवातीच्या काळातली. सुरुवात फ्रान्सच्या १८५९ च्या तिकिटाने, शेवट गोव्यात.

क्लबातल्या काकांनी नाक मुरडलं. "राजा नाही, राणी नाही, पक्षी नाही. नुसते आकडे. परीक्षक तुमच्या फ्रेमसमोर थांबायचा नाही." असेलही. पण माझी सगळी नोकरी बँकेत व्हाउचरं तपासण्यात गेली आणि हे तिकीट म्हणजे व्हाउचरच आहे. पत्र टाकणाऱ्याला ते खिडकीवर विकत मिळत नसे. पत्रावर पैसे कमी भरलेले निघाले की वाटप करणाऱ्या कचेरीतला कारकून ते चिकटवणार, त्यावर शिक्का मारणार, पोस्टमन तेवढी रक्कम घेऊन पत्र हातात देणार, आणि दिवसाअखेर तिकिटांचा साठा आणि गल्ला जुळला पाहिजे. वसुली तिकिटं निघण्याआधीही होतच होती. पत्रावर हाताने किंवा शिक्क्याने आकडा टाकला की काम भागायचं. तिकीट आलं ते पोस्टमनच्या आणि कारकुनाच्या खिशावर नजर ठेवायला. फ्रेमभर मला एवढंच दाखवायचं आहे.

१४ जुलै
फ्रान्सपासून सुरुवात. १ जानेवारी १८५९ ला निघालेलं १० सांतीमचं (सांतीम म्हणजे फ्रँकचा शंभरावा भाग) काळं तिकीट हे जगातलं पहिलं पोस्टेज ड्यू तिकीट. दाते नाहीत, कात्रीने कापायचं. मधे मोठा आकडा, खाली 'सांतीम' आणि 'आ पेर्सेव्वार', म्हणजे 'वसूल करावयाचे'. हे सगळ्या पत्रांसाठी नव्हतं. एकाच टपाल कचेरीच्या हद्दीतल्या, पैसे न भरलेल्या स्थानिक पत्रांपुरतंच होतं. हे कळलं की पुढचं उलगडतं. बाहेरगावाहून येणाऱ्या पत्राची नोंद दोन कचेऱ्यांत होते. त्याच कचेरीत टाकलेल्या आणि तिथूनच वाटलेल्या पत्राला दुसरा साक्षीदार नसतो. खेडोपाडी फिरणारा पोस्टमन वाटेत घेतलेलं पत्र वाटेतच देऊन टाकणार आणि पैसे खिशात घालणार. ऑडिटरच्या नजरेने पाहिलं तर भोक नेमकं तिथेच आहे आणि ठिगळही तिथेच लावलेलं आहे.

१८६३ पासून पैसे न भरलेल्या स्थानिक पत्राला १५ सांतीम पडू लागले, म्हणून १५ चं तिकीट आलं. तेही काळंच.

२१ जुलै
आज दिवसभर स्कॅनर.

१० सांतीमचं तिकीट दोन छपायांत आहे: आधीची शिळाछापाची (सपाट दगडावरून) आणि लगेच मागून आलेली ठशाची (उठावाच्या ठशावरून). दोन्हींचं चित्र एकच, पण किमतीत जमीन-अस्मानाचा फरक, त्यामुळे ठशाचं तिकीट शिळाछापाचं म्हणून खपवायचा मोह विकणाऱ्याला पडतोच. ओळखायच्या खुणा दोन. एक, 'सांतीम' या शब्दातल्या रोमन 'ई'ची मधली आडवी रेघ. शिळाछापात ती अगदी आखूड, ठशात वरच्या-खालच्या रेघांच्या जवळपास बरोबरीची. दोन, 'आ पेर्सेव्वार' मधल्या पहिल्या अक्षरावरची तिरपी रेघ. १० सांतीमच्या शिळाछापात ती साधारण ३० अंशांत कललेली असते, ठशात ४७ अंशांत. १५ सांतीमचं शिळाछापाचं तिकीट १८७० चं आहे, त्यात ही रेघ आणखी आडवी, १७ अंशांची.

भिंगातून कोन मोजता येत नाही, निदान माझ्या डोळ्यांना तरी. म्हणून १२०० डीपीआयला स्कॅन, पडद्यावर अक्षरांच्या तळाला एक आडवी रेघ, मग त्या रेघेच्या हिशेबाने कोन. तिकीट स्कॅनरवर किंचित वाकडं पडलं तरी चालतं, कारण कागदाच्या कडेवर विसंबायचंच नाही. ती कात्रीने कापलेली असते आणि कात्री चालवणारा घाईत असतो. शाई जास्त लागलेल्या प्रतीत तिरपी रेघ फुगते आणि कोन दोन-चार अंश इकडेतिकडे वाचला जातो. अशा वेळी 'ई'चं ऐकायचं.

तिसरी खूण भिंगाशिवायची. तिकीट उलटं करून खिडकीच्या उजेडात तिरपं धरलं की ठशाच्या छपाईत कागदाच्या मागे आकड्याचा किंचित उठाव जाणवतो. शिळाछापाचा कागद मागून सपाट. पाण्यात भिजवून इस्त्रीखाली दाबलेल्या प्रतीत हा पुरावा मेलेला असतो.

माझ्याजवळची १० ची सगळी ठशाची निघाली. अपेक्षितच होतं.

४ ऑगस्ट
शिळाछापाचं घ्यायचं का, यावर आठवडाभर खल. चारही बाजूंना भरपूर समास असलेली प्रत माझ्या आवाक्याबाहेरची. शेवटी मुंबईच्या एका डीलरकडे दोष असलेली प्रत मिळाली: तीन बाजू स्वच्छ, उजवीकडे कात्री चौकटीच्या रेघेत शिरलेली, शिक्का गोल आणि हलका. सोबत तज्ज्ञाचं प्रमाणपत्र, त्यात दोष लिहिलेला. घेतलं. काका म्हणाले, "एवढ्या पैशांत ठशाच्या दोन देखण्या जोड्या आल्या असत्या." आल्या असत्या, पण पहिल्या पानावर 'जगातलं पहिलं' लिहून खाली दुसरी छपाई लावायची म्हणजे मुळी खोटा ताळेबंद. देखणेपणाचे गुण गेले तरी चालतील.

घरी आणून आधी कोन मोजला. एकतीसच्या आसपास आला. 'ई' आखूड. प्रमाणपत्र बरोबर आहे.

११ ऑगस्ट
पान ३ आणि ४, जर्मन संस्थानं. बाडेनची 'लांड-पोस्ट' तिकिटं १८६२ ची: १, ३ आणि १२ क्रॉयझर (तिथलं नाणं), पिवळ्या कागदावर काळी छपाई. इथेही ग्रामीण टपाल, इथेही पत्र घेणाऱ्याकडून वसुली. त्याच वर्षी बव्हेरियाचं ३ क्रॉयझर काळं आलं, 'घेणाऱ्याने द्यावयाचे' अशा अर्थाच्या जर्मन ओळीचं. त्याच्या कागदात लाल रेशमाचा धागा आहे. बनावटीविरुद्धचा जुना उपाय, नेहमीच्या तिकिटांसारखाच. धागा मागच्या बाजूने सरळ दिसतो.

बाडेनच्या बाबतीत व्यवहार उलटा आहे. शिल्लक राहिलेला साठा बाजारात आल्यामुळे कोरी तिकिटं मुबलक आणि स्वस्त. खरोखर वापरलेली दुर्मीळ आणि महाग. त्यामुळे कोऱ्या तिकिटावर घरी शिक्का मारणाऱ्यांची जुनी परंपरा आहे. मला दाखवलेल्या एका '१२ क्रॉयझर, वापरलेलं' प्रतीच्या मागे मूळ गोंद जसाच्या तसा होता. ग्रामीण पोस्टमनने न चिकटवताच वाटप केलं म्हणायचं! डीलर गृहस्थ भले आहेत, त्यांनी हसून परत घेतलं. मी १ आणि ३ कोरीच लावणार आणि मजकुरात का ते लिहिणार.

इटलीचं १८६३ चं १० चेंतेसिमी आणि १८७० ची आकडेवाली मालिका एका पानात उरकायची. १८७० च्या मालिकेत चौकट एका रंगात आणि आकडा दुसऱ्या, म्हणजे कागद छपाईला दोनदा गेला. दुसऱ्यांदा उलटा गेला की आकडा उलटा. तसे उलट्या आकड्याचे नमुने आहेत, माझ्याकडे नाहीत. पुढे.

२५ ऑगस्ट
हॉलंड. सध्या माझं सगळ्यात आवडतं पान.

१८७० ची पहिली जोडी सोपी: ५ सेंट नारिंगी कागदावर तपकिरी, १० सेंट निळ्या कागदावर जांभळं. खरी गंमत १८८१ पासूनच्या मालिकेत. निळी तिकिटं, मधल्या गोलात काळ्या शाईत रक्कम. फक्त एक गुल्डनला लाल आकडा. भोवती कड्यांची साखळी आणि 'ते बेतालेन पोर्त', म्हणजे 'भरावयाचा टपालखर्च', हे शब्द. देशाचं नाव कुठेच नाही. कारकुनाला स्वतःचा देश माहीत असतो, तिकिटावर लिहायची गरज काय?

या साखळीच्या कड्यांवरून चार प्रकार पडतात. पहिल्यात ३४ कड्या, आणि 'बेतालेन' मधला 'टी' बरोबर एका कडीच्या मध्यावर. दुसऱ्यात ३३, 'टी' दोन कड्यांच्या मधे. तिसऱ्यात ३२, 'टी' कडीच्या जरा डावीकडे. चौथ्यात ३७, आणि 'पोर्त'ची अक्षरं बाकी तिघांपेक्षा मोठी. म्हणजे कड्या न मोजताही 'टी' पाहून पहिला अंदाज बांधता येतो आणि मग मोजून खात्री करता येते.

मोजायची माझी रीत: स्कॅन पानभर मोठा करून छापायचा, सगळ्यात वरच्या कडीवर लाल टिंब, तिथून घड्याळाच्या दिशेने दर दहाव्या कडीवर पेन्सिलीची खूण. शिक्का साखळीवर बसलेला असला की तिथली कडी शाईखाली हरवते. मग तिच्या दोन्ही बाजूंच्या कड्यांमधलं अंतर पट्टीने मोजून खाली एक आहे की दोन ते ठरवायचं. नातीला हे काम फार आवडलं. तिचा आकडा आणि माझा आकडा वेगळा आला की पुन्हा मोजणी. बँकेत याला मेकर-चेकर म्हणतात.

याच चित्राची तिकिटं वसाहतींतही गेली: डच ईस्ट इंडीजची लालसर, सुरिनामची फिकट जांभळी, कुरासावची हिरवी. त्यांच्यावरही नाव नाही, रंगावरूनच ओळख. माझ्या मिश्र ढिगात 'हॉलंड, रंगदोष' अशी चिठ्ठी लावलेलं हिरवं तिकीट सापडलं. रंगदोष कसला, कुरासाव आहे ते.

८ सप्टेंबर
अमेरिका. ३ मार्च १८७९ चा कायदा, १ जुलै १८७९ पासून तिकिटं, छपाई अमेरिकन बँक नोट कंपनीची. कोरीव छपाई, बोट फिरवलं की शाई लागते हाताला असं वाटावं इतका उठाव. मोठा आकडा आणि भोवती नोटेवर असतं तसं वेलबुट्टीचं जाळं.

कायद्याची कलमं वाचली आणि माझ्या फ्रेमला हवं ते वाक्य सापडलं. तिकीट न चिकटवता आणि रद्द न करता वसुली करून तिचा हिशेब न देणाऱ्या पोस्टमास्तरला, किंवा तिकीटच न लावणाऱ्याला, ५० डॉलर दंड. पैसे कमी भरणाऱ्या माणसाला शिक्षा नाही, पत्र घेणाऱ्याकडून फक्त कमी पडलेली रक्कम घ्यायची. दंड आपल्याच माणसाला! हे पानाच्या मथळ्यात जाणार.

ओळख मात्र जिकिरीची, कारण सगळा खेळ रंगाचा आहे. चित्र तेच, दाते तेच बारा (दर दोन सेंटिमीटरला), जलचिन्ह नाही. १८७९ ची तपकिरी, १८८४ ची लालसर तपकिरी, १८९१ ची झगझगीत क्लॅरेट, म्हणजे लाल वाइनच्या रंगाची. क्लॅरेट ओळखू येतं. पहिल्या दोघांत घोळ होतो, कारण तपकिरी रंग उन्हाने उडतो, पाण्याने बदलतो, आणि ट्यूबलाइटखाली सगळंच लालसर. पुस्तकातल्या रंगपट्टीवर माझा विश्वास नाही. छापलेला रंग शाईच्या रंगाला कसा पुरणार?

त्यापेक्षा तारीख वाचता येईल अशा प्रती जमवायच्या. १८८२ चा शिक्का असलेलं तिकीट लालसर मालिकेतलं असूच शकत नाही, मग त्याचा रंग कसाही दिसो. असं एक ३ सेंटचं सापडलं की ते मानदंड. बाकीची त्याच्या शेजारी ठेवून सकाळच्या उजेडात, उत्तरेकडच्या खिडकीत पाहायची. सध्या भाद्रपदातलं आभाळ आहे, उजेड सारखा बदलतो. एका ढगाने निकाल फिरवला. पाऊस ओसरेपर्यंत ही पानं बाजूला.

२२ सप्टेंबर
पुन्हा फ्रान्स, पण आता १८८२ पासूनची, द्युव्हाल या आरेखकाची आकृती. काळी, १४ बाय १३½ दाते. आणि इथे ठरलेला सापळा: बिनदात्यांचं काळं द्युव्हाल पाहिलं की लोक 'फ्रान्स, दाते विसरलेली चूक' म्हणून मिरवतात. बहुतेक वेळा ती चूक नसते, फ्रेंच वसाहतींसाठी मुद्दाम बिनदात्यांची काढलेली तिकिटं असतात. एकच चित्र मार्तिनीकपासून पाँडिचेरीपर्यंत सगळीकडे चालायचं.

उरतो तिसरा प्रकार, दाते असलेल्या तिकिटाचे दाते कापून टाकलेला. त्याला पट्टी पुरे. दात्यांसकट मूळ तिकिटाच्या रुंदीपेक्षा नमुना रुंद असेल तर तो खरा बिनदात्यांचा. अरुंद असेल तर संशय घ्यायचा आणि पैसे परत मागायचे.

माझ्याकडच्या एकाच्या कोपऱ्यात पाँडिचेरीच्या शिक्क्याची शेवटची अक्षरं आहेत. छोटा तुकडा, पण भारतीय भूमीवर वापरलेलं पोस्टेज ड्यू तिकीट. पान १० त्याचंच.

२९ सप्टेंबर
क्लबात प्रश्न आलाच: मग आपल्या भारताची कुठे आहेत? ब्रिटिश इंडियाने पोस्टेज ड्यू तिकीट काढलंच नाही. १ ऑक्टोबर १८५४ पासून पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा, देशभर कुठेही. न भरल्यास दुप्पट. 'बेअरिंग' आणि 'पोस्टेज ड्यू अमुक आणे' असे शिक्के मारून काम चाललं, आणि घरोघरी त्याला नॉटपेड म्हणत राहिले. १८४० मध्ये टपाल तिकिटाचा शोध लावणाऱ्या खुद्द ब्रिटननेही आपली पहिली पोस्टेज ड्यू तिकिटं १९१४ च्या एप्रिलमध्ये काढली. साहेबाला इतकी वर्षं शिक्का पुरत होता.

तरीही भारत फ्रेममध्ये आहे. पान ११ वर एक पोस्टकार्ड: राणीच्या डोक्याचं पाव आण्याचं, देशांतर्गत वापराचं, १८९९ मध्ये मुंबईहून पॅरिसला पाठवलेलं. मजकूर कापसाच्या भावाचा, दोन ओळी. परदेशी कार्डाचा दर एक आणा. मुंबईत 'टी'चा, म्हणजे पैसे कमी असल्याच्या खुणेचा, शिक्का बसला, पॅरिसला १५ सांतीमचं हिरवं द्युव्हाल.

आकडा कसा आला ते मांडून पाहिलं. आंतरराष्ट्रीय टपाल संघाच्या हिशेबात एक आणा म्हणजे १० सांतीम. भरला पाव आणा, म्हणजे अडीच सांतीम. कमी पडले साडेसात. त्याच्या दुप्पट पंधरा. बरोब्बर! पाव आण्यात काम उरकणाऱ्या मुंबईच्या व्यापाऱ्यापायी पॅरिसच्या माणसाला दीड आणा पडला. कव्हर, म्हणजे टपालातून गेलेलं पाकीट किंवा कार्ड, खरं की बनावट हे ठरवताना मी शिक्क्याच्या आधी हे गणित करते. बनावट करणारे शाई छान जुळवतात, पण दराचं कोष्टक उघडायचा आळस करतात.

२० ऑक्टोबर
मडगावहून परतले. एका जुन्या घरातला अल्बम पाहायला मिळाला, त्यातून पोर्तुगीज इंडियाची १९०४ ची पूर्ण मालिका घेतली. अकरा तिकिटं: २, ३, ४, ५, ६ आणि ९ रेइस, १, २, ५ आणि १० तांगा, वर एक रुपिया. 'पोर्तेआदो आ रेसेबेर', म्हणजे 'वसूल करावयाचा टपालखर्च', मधे आकडा. बारा रेइसचा तांगा, सोळा तांग्यांची रुपिया. म्हणजे शेजारच्या पै-आण्याशी तंतोतंत जुळवलेलं चलन. कारवारकडचं नॉटपेड आणि काणकोणातलं नॉटपेड, हिशेब एकच, पण एकीकडे शिक्का आणि दुसरीकडे तिकीट.

दमट हवेने गोंद पिवळा पडला आहे, हिंजचे, म्हणजे तिकीट अल्बमात चिकटवायच्या कागदी पट्ट्यांचे, तुकडे मागे तसेच आहेत. काढायचे नाहीत. गोंद धुवून 'स्वच्छ' केलेली मालिका मला नको. कव्हरवर वापरलेलं मात्र अल्बमात नव्हतं, आणि इतर कुणाकडेही मी अजून पाहिलेलं नाही.

सोबत १९११ ची 'रेपुब्लिका' छापाची काही. ५ ऑक्टोबर १९१० ला लिस्बनमध्ये राजेशाही गेली, आणि ज्या तिकिटावर राजाचं चित्रच नव्हतं त्यावरही प्रजासत्ताकाने आपलं नाव छापून घेतलं. छाप लाल शाईचा. १० तांगाचं तिकीट मुळात किरमिजी, त्यावर लाल दिसणार नाही म्हणून तिथे हिरवा. छाप तपासताना मी आधी हेच पाहते. फ्रेमचं शेवटचं पान या छापाच्या तिकिटांचं.

१० नोव्हेंबर
ऊन स्वच्छ पडलं. अमेरिकेची पानं पुरी केली. दोन तिकिटं तपकिरीतून लालसरमध्ये सरकली, एकाचा निकाल लागेना. ते फ्रेममध्ये जाणार नाही.

काकांनी कच्ची पानं पाहिली. इटली आणि बव्हेरिया एकत्र करा, कव्हरं वाढवा म्हणाले. बव्हेरियाबद्दल पटलं. एका तिकिटासाठी पूर्ण पान म्हणजे मोकळी जागा. सुटलेल्या पानावर हॉलंडच्या चार प्रकारांचे मोठे केलेले स्कॅन, कड्यांवर लाल टिंबांसकट. फ्रेमच्या शीर्षकात 'नॉटपेड' हा शब्द घाला, असाही त्यांचा आग्रह. घातला.

१७ नोव्हेंबर
छपाईला जाड, आम्लविरहित कागद आणला. उद्या माउंट, म्हणजे तिकिटं पानावर बसवायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या, कापायचे. अमेरिका, हॉलंड आणि गोव्याला काळे माउंट शोभतील. फ्रान्सच्या पानांना पारदर्शक, कारण काळ्या तिकिटाला काळी चौकट दिली की समास कुठे संपतो ते कळत नाही, आणि शिळाछापाच्या त्या प्रतीची उजवी कड परीक्षकाला उघडी दिसलीच पाहिजे.